चर्चगेट : मधलं स्टेशन शेवटचं कसं झालं?

बोरिवलीकर_६२

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा शेवटपर्यंत चर्चगेटला 'मधलं स्टेशन' म्हणायचे. आम्हा नातवंडांना ते कळायचं नाही. रूळ संपतात, बफर लागतात, गाडी उलटी फिरते, मग मधलं कसं? ते एवढंच सांगायचे, "आमच्या वेळी गाडी पुढे कुलाब्याला जायची." कोवळ्या वयात ते त्याच गाडीने कामाला जात. पुढे नोकरी तीच राहिली, गाडी मात्र चर्चगेटलाच थांबायला लागली.

ही गोष्ट मनात राहिली होती. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं वाचत गेलो, जुने नकाशे पाहिले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. ही कंपनी १८५५ ची, पण तिचं पहिलं काम मुंबईत नव्हे, गुजरातेत सुरू झालं. १८६० साली अंकलेश्वर ते उत्राण हा तुकडा चालू झाला आणि तिथून रूळ दक्षिणेकडे सरकत मुंबईला आले. म्हणजे आपली पश्चिम रेल्वे मुंबईतून निघालेली नाही, ती मुंबईत पोचलेली आहे. नोव्हेंबर १८६४ मध्ये ती ग्रँट रोडला पोचली. शहराच्या बाजूचं तिचं पहिलं शेवटचं स्टेशन ते.

पण ग्रँट रोड कुणाच्या कामाचं? त्या काळातला मुंबईचा खरा माल म्हणजे कापूस, आणि कापसाचा बाजार कुलाब्याला. गुजरातचा कापूस घेऊन येणाऱ्या रेल्वेला कुलाबाच गाठायचं होतं. मध्ये आडवा होता बॅकबेचा, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या खाडीसारख्या समुद्राचा, किनारा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, ती हीच वर्षं. बॅकबेत भराव घालण्यासाठी कंपनी निघाली. कुलाब्याकडे रेल्वे नेण्यासाठी जमीन मिळवणं हा त्या बेतातला मोठा भाग होता. १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, भरावाची कंपनीही बुडाली. मागे उरली किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी. रेल्वेला ती पुरली.

१२ एप्रिल १८६७ ही तारीख अनेकांना माहीत असेल. विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल त्या दिवशी सुटली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची, संध्याकाळी साडेपाचला परत. दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक. बेरेवला, पहाडी, अंदारू, बंदोरा, दादुरे अशी स्टेशनांची नावं त्या वेळी लिहिली जात. बोरिवली, गोरेगाव, अंधेरी, वांद्रे, दादर ओळखली ना? पहाडी हे नाव गोरेगावच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. बॅकबे स्टेशन मात्र आता कुठेच नाही.

चर्चगेट उघडलं १८७० मध्ये. नाव आलं किल्ल्याच्या दरवाजावरून. फोर्टच्या तटबंदीला तीन मोठे दरवाजे होते. त्यातला सेंट थॉमस कॅथीड्रलकडे (हे चर्च १७१८ चं) उघडणारा तो चर्च गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडली गेली. दरवाजा होता तिथे फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. दरवाजाचं नाव रस्त्याला मिळालं, चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रोड. त्या रस्त्याच्या टोकाला स्टेशन झालं म्हणून ते चर्चगेट. ज्या दरवाजाचं नाव स्टेशन वागवतं तो स्टेशन उघडलं तेव्हाच पडलेला होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

लगेचच १८७० च्या दशकात रूळ पुढे कुलाब्याला गेले आणि चर्चगेट मधलं स्टेशन झालं. पुढची जवळजवळ साठ वर्षं ते तसंच राहिलं. गाडीत बसून पश्चिमेला पाहिलं तर थेट समुद्र. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला रूळ आणि रुळांपलीकडे पाणी. आज तिथे आर्ट डेको इमारतींची रांग आहे. तेव्हा त्या जागी भरतीच्या लाटा यायच्या.

१९०० सालापर्यंत दोन्ही दिशांना रोज ४५-४५ गाड्या धावत होत्या आणि वर्षाला दहा लाखांवर माणसं प्रवास करत होती. त्याच सुमारास, १८९९ मध्ये, स्टेशनसमोर बी.बी.सी.आय.च्या मुख्य कचेरीची घुमटांची इमारत पुरी झाली. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, ज्यांनी बोरीबंदरची इमारत बांधली तेच. माथ्यावर हातात रेल्वे इंजिन घेतलेली एक स्त्री-मूर्ती आहे. रोज त्या इमारतीखालून जाणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांनी मान वर करून ती पाहिली असेल? मी स्वतः पहिल्यांदा पाहिली ती नोकरीच्या विसाव्या वर्षी.

कुलाब्याला १८९६ मध्ये नवं मोठं टर्मिनस झालं होतं. लोकलही तिथूनच, लांबच्या गाड्याही तिथूनच. १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेवरची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पेशावरपर्यंत जाणारी फ्रंटियर मेल निघाली, तीही कुलाब्याहून. वैभवच म्हणायचं.

आणि पुढच्या तीन वर्षांत ते सगळं संपलं.

कारण पुन्हा बॅकबेचा भरावच. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने बॅकबे भरायची प्रचंड योजना हाती घेतली. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची, आठ तुकड्यांत. खर्च हाताबाहेर गेला, गाळ उपसण्याच्या कामात गोंधळ झाला, आणि वकील खुर्शेद नरिमन यांनी तो सगळा उघड्यावर आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच. आठांपैकी चारच तुकडे त्या वेळी भरले गेले. पण जेवढे भरले तेवढ्यामुळेसुद्धा रेल्वेची जागा बदलली. कालपर्यंत रूळ शहराच्या काठावर होते, आता नव्या जमिनीच्या आणि फोर्टच्या मधोमध आले. नव्या वस्तीला रस्ते हवेत, भूखंड हवेत, आणि मध्ये रेल्वेचं कुंपण.

शेवटी कुलाब्याचा मार्ग उठवायचं ठरलं. लांबच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधलं गेलं, वास्तुकार क्लॉड बॅटली, बांधकाम शापूरजी पालनजी यांचं, अवघ्या २१ महिन्यांत. १८ डिसेंबर १९३० ला ते उघडलं. ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा बंद झालं. १ जानेवारी १९३१ पासून चर्चगेट शेवटचं स्टेशन.

आजोबांचं 'मधलं स्टेशन' ते हेच. मला वाटतं चर्चगेटचा सगळा स्वभाव या एका घटनेत आहे. ते टर्मिनस म्हणून बांधलेलं नाही. पुढचं काढून घेतलं म्हणून ते टर्मिनस झालं. म्हणूनच तिथे बोरीबंदरसारखा घुमट नाही, रात्रभर पथाऱ्या टाकून बसलेले परगावचे प्रवासी नाहीत, हमाल नाहीत. फक्त रोजची माणसं आहेत.

---

गिरगावचा_नातू

अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक भर. मरीन लाइन्स हे नाव लाटांमुळे पडलं असं लहानपणी वाटायचं. प्रत्यक्षात तिथे मरीन बटालियनच्या सैनिकांची वस्ती होती, 'लाइन्स' म्हणजे छावणी. आणि चर्नी रोड म्हणजे गुरांच्या चरणीचा रस्ता. आमची आजी 'चरणी रोड' असंच म्हणायची, आणि तेच बरोबर.

---

मृण्मयी_व

खूप आवडलं. इतिहासातलं मला फार माहीत नाही, पण १९९२ पासूनचं सांगू शकते, कारण तेव्हा मी त्या गाडीत होते.

५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. अख्खी गाडी बायकांची. त्याआधी संध्याकाळी चर्चगेटला लेडीज डब्यात चढणं म्हणजे काय असायचं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. गाडी फलाटाला लागायच्या आत, चालत्या गाडीत उड्या. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि त्या उड्यांची मला मनापासून भीती वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी गाडी पूर्ण थांबल्यावर चढले आणि बसायला मिळालं.

आमचा ग्रुप वीस वर्षं टिकला. मटार त्या गाडीत सोलले, मेथी निवडली, स्वेटर विणले. दोघींची डोहाळजेवणं डब्यात केली, खणाच्या साड्या आणि मोगऱ्याचे गजरे घालून. दसऱ्याला डबा सजवायचो, आरती करायचो, मोटरमनला पेढा द्यायचो. ज्येष्ठ बायकांना आम्ही नावाने नाही, 'ताई', 'काकू' म्हणायचो. एक काकू विरारच्या होत्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना घरचे अनारसे आणले आणि खिडकीपाशी बसून गप्प रडत होत्या. त्यांचा ऑफिसशी निरोप दुपारीच झाला होता. रडल्या त्या गाडीत.

तुम्ही लिहिलंत 'फक्त रोजची माणसं'. अगदी खरं.

---

निवृत्त_मोटरमन

बोरिवलीकर साहेब, नमस्कार. तीस वर्षं गाडी चालवली, त्यामुळे केबिनमधून दिसणारं चर्चगेट सांगतो.

फलाट चार. साधारणपणे १ आणि २ वर स्लो, ३ आणि ४ वर फास्ट. बस्स, एवढीच जागा. पश्चिम रेल्वेच्या दिवसाला चौदाशेच्या आसपास लोकल फेऱ्या असतात, त्यातल्या फार मोठ्या भागाचं एक टोक या चार फलाटांवर आहे. बाजूला हलायला जागा नाही. एका बाजूला महर्षी कर्वे रोड, दुसऱ्या बाजूला इमारती, पुढे रस्ता. मधल्या स्टेशनाला जेवढी जागा लागते तेवढीच त्याला दिलेली होती, हे तुमचं म्हणणं आम्हाला रोज जाणवायचं, फक्त कारण माहीत नव्हतं.

मग एवढ्या गाड्या निघतात कशा? गाडी आली की तिला लगेच परत पाठवावं लागतं. १२ डब्यांची गाडी अडीचशे मीटर लांब. आलेल्या मोटरमनने आपली केबिन बंद करून गर्दीतून दुसऱ्या टोकाला चालत जायचं म्हटलं तर फलाट तेवढा वेळ अडकतो. म्हणून पुढची फेरी नेणारा मोटरमन आधीच उत्तरेच्या टोकाला उभा असतो. गाडी थांबली की तो चढतो, आलेला उतरतो. सिग्नल मिळाला की निघाली. तीन-चार मिनिटांचा खेळ. त्यात एक गाडी दोन मिनिटं जास्त रेंगाळली की मागे मरीन लाइन्सला दुसरी उभी, तिच्यामागे चर्नी रोडला तिसरी. विरारच्या माणसाला वाटतं गाडी विरारला लेट झाली. बऱ्याचदा ती चर्चगेटच्या फलाटावर लेट झालेली असते.

चर्चगेटमध्ये शिरताना आम्ही अगदी हळू येतो, लोक वैतागतात. पण समोर रूळ संपतात. २८ जून २०१५ ला एक गाडी फलाट ३ वर बफर ओलांडून वर चढली होती, फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. रविवार होता, गर्दी कमी होती. मधल्या स्टेशनावर थोडं पुढे गेलात तर दोन डबे फलाटाबाहेर जातात. चर्चगेटला पुढे जायला काही नाही.

आणखी एक तारीख लिहून ठेवा, ५ फेब्रुवारी २०१२. त्या रात्री चर्चगेटपर्यंतची वीज बदलली. १९२८ पासून चालत आलेला १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह गेला आणि २५ हजार व्होल्टचा एसी आला. सकाळी पहिली गाडी घेऊन निघालो तेव्हा प्रवाशांना काहीच कळलं नाही. कळू नये हेच आमचं काम होतं.

---

बोरिवलीकर_६२

मोटरमन साहेब, तुमच्या एका प्रतिसादासाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. विरारच्या माणसाची गाडी चर्चगेटला लेट होते, हे वाक्य मी लक्षात ठेवणार.

मृण्मयीताई, काकूंचं वाचून थांबलो. माझी आई त्याच पिढीतली.

---

कुलाबा_काठ

लेख चांगला आहे, पण एका मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो.

तुम्ही कुलाबा बंद होणं ही जणू अपरिहार्य गोष्ट असल्यासारखं लिहिलंय. मला ती मुंबईच्या नियोजनातली मोठी चूक वाटते. संध्याकाळी सहाला नरिमन पॉइंटहून चर्चगेटला येऊन बघा. शेअर टॅक्सीची रांग, बसची रांग, आणि त्याहून मोठा पायी चालत येणारा लोंढा. सकाळी तेच उलट दिशेने. रूळ होते, विजेच्या तारा होत्या, टर्मिनस होतं. ते आपण उखडून टाकलं आणि मग त्याच दिशेला शहरातल्या सगळ्यात मोठ्या कचेऱ्या नेऊन ठेवल्या. असं कुठे करतात?

कुलाबा टर्मिनसच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. म्हणजे जमीन रेल्वेकडेच राहिली. गेले ते रूळ.

---

बोरिवलीकर_६२

तुमचा राग रास्त आहे. माझाही तोच होता, पण वर्षांचा क्रम लावल्यावर थोडा निवळला.

१९३० मध्ये भरावाची जी जमीन तयार होती ती मुख्यतः राहण्यासाठी होती. ओव्हलसमोरच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती, ब्रेबॉर्न स्टेडियम (१९३७), स्टेशनच्या तोंडावरचं इरॉस थिएटर (१९३८), हे सगळं पुढच्या आठ-दहा वर्षांत उभं राहिलं. त्या वस्तीला फोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर होता. आणि ज्या कापसासाठी रेल्वे कुलाब्याला गेली तो बाजार १९२० च्या दशकातच शिवडीच्या बाजूला हलला होता. कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव तिथूनच आलं. माल गेला, लांबच्या गाड्या सेंट्रलला गेल्या, उरल्या लोकल. त्या वेळच्या माणसाला दीड-दोन किलोमीटर लोकलसाठी समुद्रालगतची ती मोक्याची जमीन अडवून ठेवणं पटलं नसतं.

नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले ते १९६० च्या दशकापासून पुढे. चूक झाली असेल तर ती तेव्हाची आहे, असं माझं मत. तीस वर्षांपूर्वी रेल्वे काढून घेतलेल्या दिशेला कचेऱ्या वाढवताना माणसं पोचणार कशी, हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला हवा होता.

---

कुलाबा_काठ

हा मुद्दा मान्य. १९३० चा दोष १९६० वर टाकतो. :)

एक राहिलंच. भरावाची चर्चा निघते तेव्हा कोळ्यांचा उल्लेख कुणी करत नाही. कुलाबा हे नावच कोळ्यांचं. कफ परेडला मच्छीमार नगर आजही आहे, बधवार पार्कच्या शेजारी. प्रत्येक भरावाने त्यांचा किनारा सरकवला. रेल्वेच्या पट्टीने पहिल्यांदा, १९२० च्या योजनेने दुसऱ्यांदा, नंतरच्यांनी पुन्हा. स्टेशनं कुठून कुठे गेली हे लिहिताना होड्या कुठून कुठे गेल्या हेही कुणीतरी लिहायला हवं.

---

वसई_फास्ट

+१ कोळीवाड्यांच्या मुद्द्याला.

माझा अनुभव रोजचा. आम्ही वसई-विरारकर चर्चगेटला 'सीट मिळण्याचं स्टेशन' म्हणून ओळखतो. ज्यांची ऑफिसं मरीन लाइन्सला किंवा चर्नी रोडला, ते संध्याकाळी आधी चर्चगेटकडे येणारी गाडी पकडतात आणि तीच गाडी परत फिरली की बसून घरी जातात. याला आम्ही 'रिटर्न मारणं' म्हणतो. काही जण मुंबई सेंट्रलहूनही मारतात. उभं राहून सव्वा तास की पंधरा मिनिटं उलटं जाऊन बसून सव्वा तास, असा हिशेब. गुडघे दुखायला लागल्यापासून मीही तेच करतो.

चर्चगेटला चढणारे यावर चिडतात, कारण गाडी फलाटाला लागते तेव्हाच निम्मी भरलेली असते. त्यांचंही बरोबर आहे. पण साठीच्या माणसाने विरारपर्यंत उभं राहायचं तरी किती?

---

प्रश्नचिन्ह

बाळबोध प्रश्न. मुंबई सेंट्रलला 'लोकल' आणि 'मेन' असे दोन भाग वेगळे का आहेत? आणि चर्चगेटला आता एकही बाहेरगावची गाडी येत नाही का?

---

बोरिवलीकर_६२

बाळबोध मुळीच नाही.

आज मुंबई सेंट्रल लोकल म्हणतो ते स्टेशन आधीपासून तिथे होतं, नाव बेलासिस रोड. १९३० मध्ये शेजारी लांबच्या गाड्यांचं टर्मिनस झालं आणि जुन्या लोकल स्टेशनालाही तेच नाव मिळालं. म्हणून जिना चढून-उतरून एका स्टेशनातून दुसऱ्यात जावं लागतं.

आणि चर्चगेटला फक्त लोकल. १९३१ पासून हीच वाटणी आहे. बोरीबंदरला, म्हणजे सी.एस.एम.टी.ला, लोकल आणि मेल-एक्सप्रेस एकाच छपराच्या आसऱ्याला आहेत, चर्चगेटला तसं नाही. लांबात लांब म्हणजे डहाणू लोकल, २०१३ पासून.

---

दूरदेशी_दादरकर

मी पंचवीस वर्षं परदेशात आहे. हा धागा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडला आणि सुट्टी संपली तरी वाचत बसलो.

माझ्या मनातलं चर्चगेट म्हणजे सबवेतून वर येताना लागणारा उजेड, आणि साडेअकराच्या सुमारास फलाटाबाहेर लावलेल्या डब्यांच्या रांगा. पांढऱ्या टोप्या, डोक्यावर लाकडी पाटी, हातगाड्या. दादर, अंधेरी, बोरिवलीचे डबे तिथे उतरायचे, पत्त्यांप्रमाणे वेगळे व्हायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत ती जागा रिकामी. मावळ-खेड-जुन्नर भागातली ही माणसं. २००३ मध्ये इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला आले ते चर्चगेटलाच. माझा डबा वडिलांच्या ऑफिसात याच रांगेतून जायचा, म्हणजे आईने वडिलांसाठी केलेला. मी कधीकधी त्यात चिठ्ठी टाकायचो.

आणि ११ जुलै २००६. त्या संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माझा भाऊ त्या वेळेच्या गाडीने जायचा. त्या दिवशी तो ऑफिसात अडकला म्हणून वाचला. फोन लागत नव्हते. चार तासांनी त्याचा आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच मार्गाने गेला. मी त्याला नको जाऊस म्हणत होतो. तो म्हणाला, "दादा, सगळेच चाललेत."

---

मृण्मयी_व

आमच्या ग्रुपमधल्या दोघींचे यजमान त्या गाड्यांत होते. एक परत आले. अजून काही लिहिता येत नाही.

---

स्टेशनमास्तरांची_लेक

नावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून विचारते. चर्चगेटला चिंतामणराव देशमुखांचं नाव द्यावं अशी मागणी आहे. मला ती पटते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देणारा माणूस. मुंबईत त्यांच्या नावाचं ठळक काही असावं असं वाटतं.

---

गिरगावचा_नातू

देशमुखांबद्दल दुमत असूच शकत नाही. पण माझा जीव जुन्या नावांत अडकतो. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मरीन लाइन्स, चर्नी रोड, कॉटन ग्रीन अशी बरीच नावं बदलण्याचा प्रस्ताव मंजूर केला. चर्नी रोडचं गिरगाव होणार याचा गिरगावकर म्हणून आनंद व्हायला हवा, झालाही. पण कॉटन ग्रीनचं काळाचौकी झालं की कुलाब्याचा कापूस कुठे गेला हे सांगणारी शेवटची पाटी जाईल. वर बोरिवलीकरांनी लिहिलेली अख्खी गोष्ट त्या दोन शब्दांत आहे.

---

स्टेशनमास्तरांची_लेक

हे असं पाहिलं नव्हतं. तरी मी माझ्या मतावर आहे. पडलेल्या दरवाजाचं नाव दीडशे वर्षं चाललं, देशमुखांचं त्याहून जास्त चालेल. जुन्या नावाची हकीकत सांगणारा फलक मात्र फलाटावर लागलाच पाहिजे.

---

निवृत्त_मोटरमन

फलकाला माझं अनुमोदन. आणि त्यावर कुलाब्याचं नाव हवं.

---

वसई_फास्ट

मेट्रोचं कुणी लिहिलं नाही अजून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा सुरू झाला. चर्चगेटखाली भुयारी स्टेशन आहे. तिथून पुढे विधान भवन आणि मग कफ परेड. मी गेल्या महिन्यात गेलो होतो. बधवार पार्क तिथून फार लांब नाही.

---

कुलाबा_काठ

थांबा. म्हणजे चर्चगेटहून कुलाब्याच्या दिशेने पुन्हा रूळ गेले? जवळजवळ पंच्याण्णव वर्षांनी?

हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, मी त्या गाडीत बसलोसुद्धा आहे, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

---

बोरिवलीकर_६२

माझ्याही नाही! वसईकर, तुमचे फार आभार.

काल मुलाला घेऊन गेलो. बोरिवलीहून फास्ट पकडली, फलाट ३ वर उतरलो, बफरपाशी जाऊन उभे राहिलो आणि मग जमिनीखाली उतरून कफ परेडचं तिकीट काढलं. भुयारात समुद्र दिसत नाही. आजोबांना डावीकडे ओव्हल आणि उजवीकडे पाणी दिसायचं, आम्हाला खिडकीत आमचेच चेहरे. दोन स्टेशनं, काही मिनिटं. वर आल्यावर चालत बधवार पार्कच्या फाटकापर्यंत गेलो. आत जायला परवानगी लागते, म्हणून बाहेरूनच पाहिलं. समोर मच्छीमार नगरात जाळी वाळत होती.

परतताना मेट्रोत पुढचं स्टेशन चर्चगेट अशी घोषणा झाली. काही लोक उतरले, काही चढले आणि गाडी पुढे हुतात्मा चौकाकडे निघाली. मुलगा म्हणाला, "पणजोबांचं मधलं स्टेशन."